आरंभीची शिल्लक सात

सरकारी कोषागारात ज्याने सत्तावीस वर्षे काढली आहेत, त्याला एकाच नस्तीवर दोन वरिष्ठांचे परस्परविरोधी शेरे पाहून दचकण्याचे कारण उरत नाही. एक साहेब समासात 'खर्चास तात्काळ कात्री लावावी' असे लिहितात, दुसरे साहेब त्याच समासात चार बोटे खाली 'तरतूद वाढवून मागावी' असे लिहितात, आणि मधला कारकून दोन्ही आज्ञा शिरसावंद्य मानून ती नस्ती अशा कपाटात ठेवून देतो की ज्याची किल्ली बदली होऊन गेलेल्या शिपायाच्या खिशात असते. हा राजमार्ग मला पुरता अवगत होता. किंबहुना माझ्या बढतीचे अर्धे श्रेय त्यालाच द्यावे लागेल. परंतु गेल्या वर्षी असे दोन शेरे खुद्द माझ्याच देहावर पडले, आणि देह ही अशी विलक्षण नस्ती आहे की ती कोणत्याही कपाटात मावत नाही, कोणत्याही कार्यासनाकडे वर्ग करता येत नाही, आणि आपण जिना चढू लागलो की तीही आपल्याबरोबर चढते व सातव्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहते.

पहिला शेरा गुडघ्यांच्या डॉक्टरांचा होता. पाच फूट एक इंच उंचीवर ७४ किलोंचा बोजा पाहून त्यांनी 'बाई, गुडघे तुमचे आहेत, पण वजन तुम्ही कुणाचे वाहता आहात?' असा अत्यंत सभ्य प्रश्न विचारला आणि '१० किलो कमी करणे' असे लिहून दिले. दुसरा शेरा त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिला: हिमोग्लोबिन ९.४, जे बायकांना निदान १२ असावे. फेरिटिन ७, जे १५च्या खाली गेले की लोहाची तिजोरी रिकामी समजावी. सबब, लोहयुक्त आहार वाढवणे. म्हणजे एकाने सांगितले कमी खा आणि दुसरीने सांगितले अधिक खा. आणि दोघांनीही आपापल्या शेऱ्याखाली इतकी ठसठशीत सही केली की अपिलाला जागाच राहू नये.

या दोन शेऱ्यांच्या मधल्या काळात जे घडले ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो. पण हिशेब मांडायचा तर अफरातफर लपवून चालत नाही. आमच्या घरात आहारशास्त्राचे दोन पंथ गुण्यागोविंदाने नव्हे, तर शैव-वैष्णवांच्या जुन्या चालीने नांदतात. यजमान दिवसातून दोनदाच जेवावे या पंथाचे, आणि कन्या दर दोन तासांनी थोडेथोडे खावे या पंथाची. मी स्वभावतः समन्वयवादी असल्यामुळे पहिला पंधरवडा दोन्ही पंथ एकत्र पाळले. म्हणजे दोन वेळा पोटभर जेवले आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी थोडेथोडे खाल्ले. वजन दीड किलोने वाढले. त्या अपमानाने पेटून उठून मी पुढे सहा आठवडे काकडी, ताक आणि एक कोरडा फुलका एवढ्यावर काढले. काटा चार किलो खाली आला हे खरे, परंतु त्याच्या जोडीने कंगव्यात केस, छातीत धडधड आणि स्वभावात काटे येऊ लागले. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे माळा आवरताना कन्येच्या बालवाडीच्या काळातला पाटीवरच्या पेन्सिलींचा जो खोका हाती लागला होता, तो मी स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे दडवून रोज दोन-तीन पेन्सिली खाऊ लागले.

होय, खाऊ लागले. पेन्सिल दाताखाली धरली की प्रथम एक थंड, करकरीत स्पर्श, मग 'कट्ट' असा तो तृप्त करणारा आवाज, आणि मग पहिल्या पावसात भिजलेल्या अंगणाचा वास जिभेवर पसरावा तशी ती राखट, मातकट चव! साताऱ्यात जन्म काढून कंदी पेढ्यापुढे ज्या बाईने कधी हार मानली नव्हती, ती आता कंदी पेढ्याचा पुडा उघडाच ठेवून पेन्सिलीच्या खोक्याकडे वळू लागली. एके दुपारी तो 'कट्ट' आवाज सासूबाईंनी ऐकला. मला वाटले आता कुळाचा उद्धार होणार, पण त्यांनी शांतपणे माझा हात हाती घेतला, नखे पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या माहेरी शेजारची एक बाई भिंतीची माती खायची. तिच्या अंगात रक्त नव्हतं. हे खाणं तुझं नाही, तुझ्या रक्ताचं आहे. आधी तपासून ये."

डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि हलवायाने आज कोणती मिठाई देऊ असे विचारावे तितक्या सहजतेने विचारले, "बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ, यातलं काय खाता?" मी खाली मान घालून पेन्सिलीचे नाव सांगितले. त्यांना यत्किंचितही नवल वाटले नाही. लोह कमी झालेल्या माणसाला अखाद्य वस्तूंची अशी ओढ लागते, हे वैद्यकाच्या दफ्तरी जुनेच दाखल आहे. आश्चर्य इतकेच की शरीराला लोह हवे असताना ते मागते मात्र खडू आणि माती, जसे आमच्याकडे पेन्शनसाठी आलेले म्हातारबाबा प्रथम अर्धा तास पावसापाण्याबद्दल बोलतात. बाईंनी पुढे तपासण्या करून गळती कुठे आहे ते आधी पाहिले. कारण तिजोरी रिकामी दिसली की भरणा वाढवण्यापूर्वी भोक शोधावे हा नियम त्यांच्या खात्यातही आहे. सुदैवाने आडवाटेचे भोक निघाले नाही. जो खर्च होता तो दरमहा ठरलेला आणि चाळिशीनंतर थोडा उधळा झालेला असा बायकांचाच होता.

आता कोणतेही खाते समजून घेतल्याशिवाय त्यावर सही करायची नाही ही माझी जन्माची खोड. म्हणून मी माझ्या अंगातल्या लोहखात्याची समग्र कैफियत मागवली. प्रौढ स्त्रीच्या साऱ्या देहात लोह असते ते फार तर तीन ग्रॅमच्या आसपास. हे ऐकताच यजमान बाजारात जाऊन एक दोन इंची खिळा घेऊन आले, माझ्या पथ्यासाठी आणलेल्या स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर त्यांनी तो ठेवला, आणि आकडा तीनपर्यंत गेलेला पाहून अत्यंत समाधानाने म्हणाले, "हे बघ, ही तू. आणि दुकानात अशा शंभर तरी तुझ्या पडल्यात." त्यांच्या विनोदबुद्धीवर भाष्य करण्याचे हे स्थळ नव्हे, पण तो इवलासा खिळा पाहून मला प्रथमच कळले की ज्याच्यावाचून सातवी पायरी चढता येत नाही ती वस्तू किती थोडी असते.

आणि शरीराने या थोड्याचा ठेवलेला जमाखर्च पाहून तर माझ्यातल्या लेखाधिकाऱ्याने हातच जोडले. या तीन ग्रॅमांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोह रक्ताच्या तांबड्या पेशींत चालू खात्यात फिरत असते. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. ती जीर्ण झाली की प्लीहेच्या आणि यकृताच्या दफ्तरखान्यात तिची रद्दी होते, आणि त्या रद्दीतून रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह कण न् कण वेचून नव्या पेशींसाठी परत रवाना केले जाते. बाहेरून, म्हणजे अन्नातून, रोज शोषून घ्यावे लागते ते केवळ एक ते दोन मिलिग्रॅम. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी की लोह बाहेर टाकण्याचे अधिकृत खातेच शरीरात उघडलेले नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या गळणाऱ्या पेशींबरोबर रोज एखादा मिलिग्रॅम जातो तेवढाच. राज्यकारभार असा हवा! परंतु एक मिलिलीटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते, आणि ते ज्या खर्चात दरमहा जाते त्या खर्चाला मंजुरीच लागत नसल्यामुळे, इतका चोख कारभारही बायकांच्या बाबतीत हळूहळू तुटीत येतो.

इथेच माझ्या काकडी-ताकाच्या पराक्रमाचे खरे स्वरूप उघडे पडले. वित्त विभागाचे 'सरसकट काटकसर' नावाचे एक परिपत्रक दर दोन-चार वर्षांनी निघते, ज्यान्वये प्रत्येक लेखाशीर्षातून ठराविक टक्के रक्कम कापली जाते. परिणाम असा होतो की साहेबांच्या गाडीचे पेट्रोलही कमी होते आणि दवाखान्यातली औषधेही कमी होतात, फरक इतकाच की पेट्रोल कुठून तरी मिळते. मी देहावर हेच परिपत्रक काढले होते. अन्न निम्मे केले तेव्हा तूप, साखर आणि फरसाण यांच्याबरोबर मटकी, मसूर, बाजरी आणि मेथी यांच्यावरही त्याच कात्रीने घाव पडला. आणि शरीराने चरबीची मुदतठेव जपून मोडत मोडत, लोहाची चालू शिल्लक मात्र विनातक्रार संपवून टाकली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (जिचा आरंभ १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीपासून झाला) २०२० साली जी मात्रा ठरवून दिली आहे, ती बाईला दिवसाकाठी २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९. ज्या घरात पुरुषाचे ताट आधी आणि मोठे वाढले जाते त्या घराने हे दोन आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही. मी ते यजमानांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे मी सुरुवातीपासूनच बरोबर होतो, आपलं दोघांचं सारखं नाही."

माझ्या रक्ताची बातमी गल्लीत पोचताच सल्ल्यांचा पूर आला. सासूबाईंना या विकाराचे जुने नाव पांडुरोग असे कळले तेव्हा त्यांची निम्मी चिंता जागीच मिटली. गळ्यात माळ असलेल्या त्या माउलीच्या मते ज्या रोगात पांडुरंगाचे अर्धे नाव आहे तो रोग फार वाईट असूच शकत नाही. शेजारणींचा सारा पक्ष 'तांबडे ते रक्त' या न्यायाचा होता. त्या न्यायाने मला बिटाचा रस, डाळिंब, गाजर, टोमॅटो, कलिंगड, आणि एकीने तर रसना आणून दिला. बीट हे रंगाने कितीही रक्तरंजित असले तरी त्याच्या शंभर ग्रॅमांत लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आत भरते. पण रंगाच्या पुराव्यापुढे आकड्यांची साक्ष कोण ऐकतो? सफरचंद चिरल्यावर काळे पडते ते त्यातले लोह गंजते म्हणून, असे एका निवृत्त मास्तरांनी मला सप्रयोग दाखवले. वस्तुतः ते फळातल्या एका विकराचे आणि हवेचे काम आहे, लोहाचा तेथे फारसा संबंध नाही. पण मास्तरांनी ते सफरचंद मलाच दिल्यामुळे मी वाद घातला नाही.

पालकाची गोष्ट तर माझ्या व्यवसायालाच येऊन भिडली. कन्येच्या लहानपणी तो डबा फोडून पालक गिळणारा पॉपाय खलाशी घरात रोज येत असे, आणि पालकाची ही सारी कीर्ती जुन्या काळी कुणा शास्त्रज्ञाने दशांशचिन्ह एक घर चुकवल्यामुळे पसरली, अशी कथा मी अनेकांकडून ऐकली होती. एका दशांशचिन्हाने साऱ्या जगाच्या पोरांना पालक खायला लावावा, ही कल्पना माझ्यासारखीला इतकी प्रिय झाली होती की नव्या कारकुनांना प्रशिक्षण देताना मी ती दरवर्षी सांगत असे. आता चौकशी करता कळले की ज्यांनी या कथेचा माग काढला त्यांना त्या चुकलेल्या दशांशचिन्हाचा पुरावाच सापडला नाही; म्हणजे चुकीच्या नोंदीची ती नोंदच विनाप्रमाणक होती! इतकी वर्षे मी दुसऱ्यांच्या देयकांवर 'प्रमाणक जोडावे' असा आक्षेप घेत आले आणि स्वतः मात्र बिनप्रमाणकाची कथा सरकारी वेळेत खपवत राहिले. पालकात लोह आहे, नाही असे नाही. पण ते त्या पानात अशा सोबत्यांच्या संगतीत असते की त्यातले फार थोडे आपल्या हाती सुटते.

आणि हीच या साऱ्या प्रकरणाची मेख होती. आपण समजतो, तोंडात घातले ते आपले झाले. परंतु लोहाच्या बाबतीत तोंड ही केवळ वेस आहे, खरा जकातनाका आतड्याच्या आरंभी आहे. डाळी, धान्ये, भाज्या यांतले जे लोह आमच्यासारख्या शाकाहारी घरात येते त्याच्या दहांतले नऊ हिस्से, कित्येकदा त्याहूनही अधिक, या नाक्यावरून परत पाठवले जातात. मांसमासळीतल्या लोहाला मात्र निराळे दार आहे आणि त्याची अडवणूक कमी होते. पण सासूबाईंच्या माळेमुळे ते दार आमच्या घराला बंद. यजमानांनी केवळ माझ्या प्रकृतीस्तव आठवड्यातून एकदा बाहेर जाऊन कलेजी खाण्याची तयारी दाखवली होती. त्यांनी खाल्लेली कलेजी माझ्या खात्यात कशी जमा होणार या शंकेचे निरसन न झाल्यामुळे तो प्रस्ताव नामंजूर झाला.

नाक्यावर कोणाची शिफारस चालते आणि कोणाची चालत नाही, हे कळायला मला महिना लागला. लिंबू, आवळा, पेरू, म्हणजे ज्यात क जीवनसत्त्व आहे तो पदार्थ बरोबर असला की लोहाची मोटली न उघडता आत सोडतात. आमच्या जुन्या वैद्यांच्या नवायस लोहात नऊ औषधींच्या जोडीला लोह घातलेले असते, आणि त्या नवांत त्रिफळ्यातला आवळा आहे. लोहाच्या सोबतीला आवळा पाठवावा एवढे त्यांनी कोणत्याही जीवनसत्त्वाचे नाव न ऐकता ठरवून टाकले होते. (सतराव्या शतकात इंग्लंडच्या टॉमस सिडनहॅम यांनी फिकुटलेल्या रोग्यांसाठी पोलादाचा कीस मद्यात भिजवून दिला असे वाचल्यावर यजमानांनी हीच चिकित्सा शास्त्रशुद्ध असल्याचे मत दिले.) याउलट दूध नाक्यावर खोळंबा करते, कोंड्यातले फायटेट लोहाला धरून बसते, म्हणूनच कडधान्याला मोड आणले आणि पीठ आंबवले की ती पकड सैल होते; मटकीला मोड आणणाऱ्या आणि आंबोळीचे पीठ रात्री भिजवणाऱ्या बायका या नाक्याचा कायदा न वाचताच पाळत आल्या.

आणि चहा! चहा हा या नाक्यावरचा उघडउघड विरोधी पक्ष आहे. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच घेतलेला चहा त्या जेवणातले निम्म्याहून अधिक लोह अडवतो. आमच्या कोषागारात दुपारच्या डब्यानंतर सव्वादोनला जो चहा येतो, तो आजवर संपातही चुकलेला नाही. बजेटाच्या रात्री, मार्चअखेरीस, छतातून पाणी गळत असतानाही तो आला आहे. तो चहा मी साडेतीनवर नेला. हे वाक्य लिहायला सोपे आहे. साडेसात किलो वजन उतरवताना मला जितका क्लेश झाला नाही तितका या सव्वा तासाने दिला. पहिल्या दिवशी शिपाईमामांनी कप टेबलावर ठेवला, मी तो परत पाठवला, आणि ते इतका वेळ माझ्याकडे पाहत राहिले की मला वाटले, आता विचारतील, 'मॅडम, माझं काही चुकलं का?' शेवटी मी त्यांना सारी हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवसापासून सव्वादोनला ते माझ्या टेबलावर अर्धे लिंबू पिळलेले पाणी ठेवू लागले आणि खोलीतल्या इतरांना सांगू लागले, "बाईंना नाक्यावर अडवतात."

घरात मात्र क्रांती सासूबाईंनी केली. माळ्यावर पेन्सिलींचा खोका जिथे सापडला त्याशेजारीच त्यांच्या लग्नातली लोखंडी कढई पालथी पडली होती. तिच्यावर तांबड्या गंजाचा थर चढला होता. त्यांनी ती चिंचेने घासली, धुऊन तत्क्षणी कोरडी केली, मंद आचेवर तेलाचा बोळा फिरवून दोन दिवस तिची समजूत घातली, आणि तिसऱ्या दिवशी तीत आंबट चुक्याची डाळ घालून भाजी केली. भाजी शिजता शिजता हिरवी होती ती शेवाळी झाली, शेवाळी होती ती काळपट झाली, आणि ताटात आली तेव्हा तिचा रंग आमच्या जुन्या शिक्क्याच्या शाईसारखा होता. कन्येने घास घेऊन 'आई, याला नाण्याची चव आहे' असे जाहीर केले. "असणारच," सासूबाई म्हणाल्या, "आंबट पदार्थ कढईचं लोखंड ओढतो. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, तेवढं मी विसरले. तुमच्या त्या न चिकटणाऱ्या काळ्या तव्यानं इतकी वर्षं काय दिलं? ना खमंगपणा, ना रक्त." तेव्हापासून भाकरी बाजरीची आणि तवा लोखंडाचा, उसळ मोडाची आणि तिच्यावर लिंबू, असे आमचे पुनर्विनियोजन झाले, तेल निम्म्यावर आले, साखर चहापुरती उरली, फरसाणाचे लेखाशीर्ष बंद झाले, आणि कडधान्याची तरतूद वाढली. वजनही उतरू लागले, कारण मोडाची मटकी वाडगाभर खाल्ल्यावर पाच वाजता कुणी समोसा दाखवला तरी मनाची ओढ पूर्वीसारखी उरत नाही.

यात अळिवाने मात्र माझी अब्रू घेतली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम अळिवात शंभर मिलिग्रॅम लोह लिहिलेले आहे. नव्या कोष्टकात हा आकडा बराच खाली उतरला आहे, पण जुन्या आकड्याची श्रद्धा सासूबाईंच्या मनातून कोणते कोष्टक उतरवणार? त्यांनी ओले खोबरे, गूळ आणि तूप घालून अळिवाचे लाडू केले आणि दोन माझ्या डब्यात घातले. अळिवाचा लाडू महाराष्ट्रात कोण खाते हे सर्वांना ठाऊक आहे. डबा उघडताच माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी लाडवाकडे पाहिले, माझ्या पोटाकडे पाहिले, माझ्या वयाचा मनातल्या मनात हिशेब केला, आणि अत्यंत हळुवारपणे विचारले, "मॅडम... कितवा?" चार वाजेपर्यंत ही वार्ता उपकोषागारांपर्यंत पोचली होती, आणि साडेचारला एका तालुक्यातून अभिनंदनाचा फोन आला. लाडवातल्या गुळाने आणि खोबऱ्याने वजनाच्या खात्यावर जी उचल केली ती निराळीच. तेव्हापासून मी चमचाभर अळीव लिंबाच्या पाण्यात भिजवून घेते. ते फुगून बेडकाच्या अंड्यांसारखे बुळबुळीत होतात, पण बेडूक निदान अभिनंदन करत नाहीत.

तरीही केवळ आहाराने ७ची शिल्लक भरून काढायची तर वर्ष लोटेल, असे सांगून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्याच. तिजोरी गोळीने भरावी आणि आहाराने राखावी, असा त्यांचा दंडक. मी त्या गोळीचीही अशी वासलात लावली की रात्री लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि सासूबाईंच्या आग्रहाचे दूध हे तिन्ही एकाच टपालाने आत पाठवले. परिणामी महिन्याभरात शिल्लक तसूभरही हलली नाही. बाई हसल्या आणि गोळी एक दिवसाआड, दुधापासून दूर, घ्यायला सांगितले. "रोज का नाही?" मी विचारले, कारण भरणा रोज करावा असे आमचे नियम म्हणतात. तेव्हा त्यांनी मला त्या नाकेदाराचे नाव सांगितले. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे एक द्रव्य आहे. या शतकाच्या आरंभी ते लोकांना ठाऊक झाले. लोहाचा मोठा भरणा आला की हा नाकेदार बिथरतो आणि पुढचा दिवसभर दार ओढून बसतो. म्हणून एक दिवस त्याला शांत होऊ द्यावे. "आणि," बाई पुढे म्हणाल्या, "अंगात चरबी फार झाली की शरीरात एक मंद दाह सुरू राहतो, त्या गडबडीतही तो दार अर्धवट लावूनच बसतो. वजन उतरलं की तोच हळूहळू दार उघडतो."

मी बाहेर येऊन रिक्षेत बसले आणि पोवई नाका येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. म्हणजे 'कमी करा' आणि 'वाढवा' हे दोन शेरे विरुद्ध नव्हतेच. एकाच प्रकरणावर दोन हस्ताक्षरांत लिहिलेली ती एकच आज्ञा होती. शहरात दंगल माजली म्हणून नाका बंद होता, आणि मी मात्र मालाच्या गाड्यांवर गाड्या मागवत होते किंवा सगळ्याच गाड्या बंद करत होते. दंगल शमवावी हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. सत्तावीस वर्षांत समासातले असे किती शेरे मी परस्परविरोधी समजून कपाटात ठेवले असतील, आणि त्यांतले किती खरोखर एकच असतील, या विचाराने माझे हिमोग्लोबिन त्या क्षणी बहुधा आणखी उतरले असावे.

त्यानंतर मी कार्यालयात रक्ततपासणी ठरवली. मार्चअखेरीच्या गर्दीत बायका येणार नाहीत असे वाटले होते. अकराच्या अकरा आल्या आणि सात जणी १२च्या खाली निघाल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१च्या पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के अशाच तुटीत आढळल्या आहेत. पुरुष देशभरात २५ टक्के. त्या सात जणींपैकी प्रत्येकीने 'थकवा तर येतोच' हे वाक्य जणू एखाद्या शासननिर्णयाचा क्रमांक सांगावा तसे ठामपणे सांगितले. 'कितवा?' विचारणाऱ्या बाईंचे हिमोग्लोबिन ८.८ होते. मी त्यांना काही बोलले नाही; फक्त दुसऱ्या दिवशी सव्वादोनचा त्यांचाही चहा परत गेला.

आठ महिन्यांनी माझे वजन ६६.५ किलो झाले, हिमोग्लोबिन १२.३ आणि फेरिटिन ३४. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी 'ठीक' लिहिले, डॉक्टरीणबाईंनी 'ठीक, पुढे चालू' लिहिले. एकाच नस्तीवर दोन वरिष्ठ सहमत झाल्याचा हा माझ्या सेवेतला पहिला प्रसंग. पाटीवरच्या पेन्सिलींचा खोका अर्धा उरला आहे; परवा त्यातली एक दाताखाली धरून पाहिली, तर ती निव्वळ पेन्सिल लागली. तो दोन इंची खिळा यजमानांनी स्वयंपाकघराच्या भिंतीत ठोकला आणि त्यावर दिनदर्शिका टांगली. दिवसाआडच्या गोळीच्या खुणा तिच्यावर असतात.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी काही न बोलता अळिवाचा एक लाडू बशीत घालून माझ्यापुढे ठेवला. मी बशीकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले, आणि काट्याकडे न पाहण्याचे ठरवले. लाडवाचे दोन भाग केले. पहिला अर्धा लोहाच्या लेखाशीर्षाखाली खर्ची टाकला; त्याला प्रमाणक आहे, आधार आहे, मंजुरी आहे. उरलेला अर्धा बराच वेळ बशीत होता. शेवटी तो 'इतर संकीर्ण खर्च' या सदराखाली घेतला. प्रत्येक अंदाजपत्रकात हे सदर असते, आणि कोणत्याही लेखापरीक्षकाने आजवर त्याची फारशी चौकशी केलेली नाही.